बाहेर उघडणारं गेट

३ फेब्रुवारी, सोमवार

गेट उभं राहिलं! अठरा फूट रुंद, दोन पल्ले, सहा एमएमचा पत्रा, मागनं चॅनेल. एकेक पल्ला बिजागरीवर चढवायला सहा माणसं लागली. माझ्या हाताखाली इथला तोमा हाय, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. त्यानं हातोडीनं प्रत्येक जोड ठोकून बघितला, मान हलवली आणि म्हणाला, "व्हय की!" — माझ्याकडनं एवढे दोन शब्द पक्के उचललेत.

पण एक गोष्ट मनाला लागलीय. गेट बाहेर उघडतंय.

शाहूपुरीत कृष्णात मिस्त्रींच्या वर्कशॉपात मी सात वर्षं काढली. आठवीतनं शाळा सुटली ती थेट तिथंच. मिस्त्री टेप हातात घ्यायच्या आधी विचारायचे — कुठल्या अंगाला उघडणार? बंगल्याचं असो नाहीतर गोठ्याचं, त्यांच्याकडचं गेट आतच उघडायचं. बाहेर उघडलं की दारात आलेल्या पावण्याला मागं सरकायला लागतंय. "माणूस आपल्या दारात आला आणि आपल्या गेटनं त्याला ढकललं, असलं काम मी करत न्हाय." एकानं हट्टच धरला, रस्त्याच्या बाजूलाच उघडायला पाहिजे, तर त्याला समोरचं वर्कशॉप दाखवून मोकळे झाले.

इथं फौजेच्या मेजरनं दिलेल्या कागदावर बाण बाहेर होता. मी सुपरवायझर विजयसिंहांना विचारलं. ते पन्हाळ्याकडचे. म्हणाले, "ट्रक आदळला तरी आत यायला नको, म्हणून. आतनं स्टॉपर मार जाड अँगलचे. आणि संघर्ष, पावण्याचं काय काढलंस? इथं कोण पावणं येतंय तुझं?"

मारले. दोन खाली काँक्रीटमधे, एक मधे, पल्ले मिळतात तिथं. आता पल्ले आत वळतच न्हाईत.

रोजचं काम वहीत लिहायची सवय मिस्त्रींचीच. तिकडं दोन ओळी असायच्या. इथं बोलायला माणूस कमी, म्हणून वही जास्त भरतीय. देशाचं न् कॅम्पचं नाव कुठं लिहायचं न्हाय अशी कंपनीनं सही घेतलीय. न्हाय तर न्हाय. हे "इथं", आणि कोल्हापूर "तिकडं". मला पुरतंय तेवढं.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रीतीचा फोन. माझी बहीण, बारावीला हाय. "दादा, ती फौज नक्की कुणाचीय?"

सांगता सांगता माझाच घोळ झाला. सात देशांचे जवान. आपले त्यात न्हाईत. इथं सरकार नावालाच, बंदूकवाल्या टोळ्या गावंच्या गावं जाळत सुटल्यात. म्हणून मोठमोठ्या देशांनी बसून कागद केला — साध्या माणसाचा जीव वाचवायला फौज पाठवायची. आमची कंपनी त्या फौजेचा कॅम्प बांधते. मी वेल्डर, गडहिंग्लजकडचा वीरेश जनरेटरवर, आणि विजयसिंह. मराठी माणसं एवढी तीनच.

"मग वाचवत्यात का?"

"कागदात लिवलंय, डोळ्यादेखत कुणाला मारत असतील तर गोळी घालायची. कॅम्प सोडून लांब जायचं तर वरनं ऑर्डर."

"म्हंजे तिकडं बघितलंच न्हाय तर?"

वकील व्हायचं म्हणतीय. होईल!

८ फेब्रुवारी, शनिवार

तोमाचं आज हात कामात, मन भलतीकडं. ग्राइंडर दोनदा उलटा धरला. शेवटी मी तो काढून घेतला आणि त्याला खाली बसवलं. काय झालंय?

नदीनं वर चौदा किलोमीटरवर त्याचं गाव. तिथं बायको, तीन पोरी, अंथरुणाला खिळलेली सासू. टोळीनं गावाच्या दोन्ही वाटांवर नाकी बसवल्यात. बाईमाणसाला सोडतात, पुरुषाला उतरवून घेतात. उतरवलेला परत दिसत न्हाय. म्हणून तोमाला जाता येत न्हाय. बायको पोरींना घेऊन निघंल एकवेळ, पण आईला कुठं टाकणार? आणि निघून येणार कुठं? कॅम्पात बाहेरचं माणूस ठेवत न्हाईत. तोमानं मेजरला विचारून बघितलं. मेजर म्हणाला, एकाची बायको आत घेतली तर उद्या सगळं गाव दारात येईल.

मग आलायत कशाला? — हे मी बोललो न्हाय. इथं लिहितोय.

आमची दोघांची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि हातवारे. त्यानं माझा हात धरला. "तुमच्या लोकांचं मेजर ऐकतो. सांग त्याला. गावात जा म्हणावं. आता. नंतर न्हाय."

मी हसलो. "भावा, मी वेल्डर."

त्याला हसू आलं न्हाय.

९ फेब्रुवारी, रविवार

वीरेशशी वाजलं. लिंगायत हाय, सीमेवरचा, बोलता बोलता कानडीत शिरतो. मला तम्मा म्हणतो, म्हणजे धाकटा भाऊ. मनानं लई मोकळा. पण कधी कधी असं बोलतो की ताट फेकून मारावंसं वाटतंय.

"जाऊच नये त्यांनी," भातावर डाळ ओतत म्हणाला. "बघ तम्मा. आज जातील, चार जणांना उडवतील, चहाच्या टायमाला परत येतील. उद्या टोळी गावात शिरंल आणि म्हणंल, तुम्हीच बोलावलंत त्यांना. मग कुणाचं घर जळंल? मेजरचं?"

"आणि न्हाय गेले तर? आज काय जळायचं राहतंय?"

"त्यांचं त्यांनी निस्तरावं की. आपल्या गल्लीत बाहेरची पोरं काठ्या घेऊन शिरली तर तू म्हणशील का, या बसा?"

"गल्लीतलेच मारत असतील तर म्हणीन!"

"तुला भारी अनुभव!"

"हाय की."

ताट तसंच टाकून उठलो. त्याला ठाऊक न्हाय. मी कुणाला सांगतच न्हाय. इथं लिहितो.

मी आठ वर्षांचा होतो. मलकापूरच्या पुढं, रस्ता सोडून आत आमचं गाव. वस्ती बौद्धांची, पंचवीस घरं. चुलते वारले तेव्हा स्मशानाच्या वाटेवर कुणीतरी तारेचं कुंपण घातलं होतं. आमच्या माणसांनी तार तोडली आणि चुलत्यांना नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातनं माणसं आली. काठ्या, कुऱ्हाडी, एकाकडं डिझेलचा कॅन. आईनं मला न् प्रीतीला कणगीमागं कोंबलं, प्रीतीच्या तोंडावर हात ठेवला. आण्णा, माझे वडील, कौलावर चढले. भांडायला न्हाय — रस्ता बघायला. पोलिसांना फोन लागला होता, गाडी निघालीय म्हणाले होते, तेवढंच ठाऊक. आण्णा वरनं सारखे सांगत होते, "धूळ दिसतीया... न्हाय, एसटी हाय... परत धूळ दिसतीया..." चार घरं पेटली. पाचवी पाळी आमच्या घराची. तेव्हा गाडी आली.

मग वस्तीत एसआरपीचे तंबू पडले. कुठले कुठले जवान, आमची नावंसुद्धा त्यांना नीट घेता यायची न्हाईत. आई त्यांना भाकरी न् ठेचा द्यायची. त्रेचाळीस दिवस कुणी वाकडं बघितलं न्हाय. चव्वेचाळीसाव्या दिवशी तंबू उठले. त्याच आठवड्यात गिरणीवाल्यानं दळण परत पाठवलं. शेतावर कुणी बोलावेना. वर्षाच्या आत सहा घरं उठून गेली, त्यात आमचं. तेव्हापासनं आण्णा शाहूपुरीत हमाली करतात.

आमच्या घरात अजून दोन निकाल हायत. आई म्हणते, पोलीस आले म्हणून माझी पोरं हायत. आण्णा म्हणतात, पोलीस आले म्हणून माझं गाव गेलं. दोघंही खोटं बोलत न्हाईत. एकाच चुलीपुढं बसून बोलतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज पण ऑर्डर न्हाय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन गाड्या तोमाच्या गावाला जाऊन आल्या. लढायला न्हाय, "पाहणी" करायला. दुभाष्या म्हणून तोमाला नेलं. परत आला तो सरळ वर्कशॉपात येऊन सिलिंडरला टेकून बसला. एकेक वाक्य ओढून काढायला लागलं.

घरची सगळी भेटली. त्यानं मेजरला हात जोडले, निदान पोरींना तरी गाडीत घ्या. मेजर म्हणाला, फौजेच्या गाडीत गावातलं माणूस बसत न्हाय, नियम हाय. आणि बायको म्हणाली, आईला टाकून मी येणारच न्हाय.

मग झाडाखाली सगळं गाव बसलं. मेजरनं विचारलं, आम्ही आलो तर चालेल का? पुरुष एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. एक म्हातारी उठली. म्हणाली, "राहायला येणार असाल तर या. दोन तासांसाठी यायचं असलं तर येऊ नका. तुम्ही गेल्यावर त्यांच्याशी आम्हालाच बोलायला लागतंय."

मेजर म्हणाला, वर कळवतो.

आमच्या त्रेचाळीस दिवसांचं या म्हातारीला कुणी सांगितलं?

१६ फेब्रुवारी, रविवार

आईला फोन केला. जेवलास का, खोकला गेला का, सगळं झालं. मग त्या म्हातारीचं सांगितलं. "आय, दोन तासासाठीच येणार असतील तर यावं का न्हाय?"

आई म्हणाली, "दोन तास किती मोठं असत्यात, ते कणगीमागं बसून बघ."

मागनं आण्णांचा आवाज — "आणि तिसऱ्या तासाचं बी इचार त्याला."

"तुमी गप बसा!" — आई.

फोन ठेवल्यावर हसू आलं. मग न्हाय आलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डावा हात भाजलाय. पट्टी हाय. उजव्यानं लिवता येतंय, पण आज न्हाय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल उजाडतानाच नदीच्या वरच्या अंगाला धूर दिसला. एक न्हाय, सात-आठ ठिकाणी. तोमा टाकीच्या शिडीवर चढून बसला, खाली येईना.

आठ-नऊच्या सुमाराला रस्त्यावर माणसं दिसायला लागली. आधी पाच-सहा. मग रस्ताच दिसेना. पोरं खांद्यावर, पातेली डोक्यावर. एकानं शिवणयंत्र उचलून आणलं होतं. मेजर गेटपाशी आला, वायरलेसवर बोलला, ऐकलं, परत बोलला. मग म्हणाला — उघडा. हे त्याच्या नावावर लिहायलाच पाहिजे. उघडा म्हणाला तो.

कडी काढली. पल्ला हलेना!

बाहेरनं हजार माणूस गेटाला चिकटलेलं. गेट बाहेर उघडतंय, आणि बाहेर वीतभर जागा न्हाय. आठ-दहा जवानांनी खांदे लावले. पल्ला थोडा सरकला, पलीकडनं किंकाळी आली, पल्ला परत जागेवर. भोंग्यावरनं त्यांच्या भाषेत सांगत होते, मागं सरा, मागं सरा. कोण सरतंय? मागं गोळ्या वाजत होत्या. पुढची माणसं पत्र्यावर चेंगरत होती. पत्र्यावर हात आपटत होते. मी घासून गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर.

मी विजयसिंहांना म्हणालो, "स्टॉपर कापू. पल्ले आत येतील."

त्यांनी मेजरला सांगितलं. मेजरनं एकदा रस्ता बघितला, एकदा गेट. "नो. मग बंद कसं करणार?"

त्याचं खोटं नव्हतं. स्टॉपर गेले की ते गेट म्हणजे नुसता पडदा. कुणीही ढकलावं न् आत यावं. त्याचं म्हणणं, भिंतीवरनं हवेत गोळ्या मारू, टोळी थांबंल, गर्दी सैल पडंल, मग उघडू. झालंही असतं तसं. मला ठाऊक न्हाय. कुणालाच ठाऊक न्हाय.

तेवढ्यात पत्र्याच्या खालच्या फटीतनं एक हात आत आला. बाईचा. बोटं मातीत रुतवून ती स्वतःला आत ओढत होती. फट चार बोटांची.

मी गॅसची नळी ओढली. तोमा शिडीवरनं उतरून सिलिंडरपाशी उभा होता. "सोड," मी म्हणालो. त्यानं चावी फिरवली. एवढंच. मी त्याला काही विचारलं न्हाय, तो काही बोलला न्हाय. विजयसिंह ओरडत होते, "ए संघर्ष! घरी जाशील, गाढवा! ठेव ते खाली!" एका जवानानं माझी कॉलर धरली आणि का कुणास ठाऊक, सोडली. खालचा पहिला कापला. दुसरा कापला. मधला कापताना लाल तुकडा हातावर पडला. कळलंसुद्धा न्हाय.

पल्ले आत आले. फुटलेल्या पोत्यातनं ज्वारी यावी तशी माणसं आली.

आणि वीरेश! जाऊच नये म्हणणारा वीरेश जनरेटर सोडून धावत आला. पडलेल्यांना बखोटीला धरून बाजूला ओढत होता, ओरडत होता, "बा अव्वा! बा, बा!" — ये आई, ये — कानडीत! इथं कुणाला काय कळणार? पण बायका त्याच्याकडं येत होत्या.

तोमाची बायको आली. दोन धाकट्या पोरी आल्या. तोमानं दोघींना एकदमच उचललं. मग बायकोनं मागं बोट दाखवलं. थोरली, एस्तेर, आजीला हातगाड्यावर घालून मागनं येत होती.

त्याच वेळी गर्दीच्या मागनं टोळीची गाडी आली. वरती बंदूक लावलेली. सरळ उघड्या गेटाकडं. गेट आता बंद होणार न्हाय, म्हणून जवान गेटाच्या तोंडात जाऊन उभे राहिले. इतके महिने भिंतीमागनं बघत होते, ते पहिल्यांदा मधे उभे राहिले. मेजर ओरडला. मशीनगन चालली. गाडी उलटली, मागची टोळी पळाली. सगळं मिळून दहा मिनिटं झाली असतील.

आत अकराशे चाळीस माणूस. विजयसिंहांनी मोजलं. मोजताना रडत होते. मला शिव्या देत होते आणि रडत होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

एस्तेर न् तिची आजी गेटापासनं साठ पावलांवर सापडल्या. हातगाडा त्या गाडीच्या न् आमच्या मशीनगनच्या मधे आला. असे पाच जण गेले.

डॉक्टर म्हणाला, गोळ्या कॅम्पाच्या.

सोळा वर्षांची होती. तोमानं खड्डा स्वतः खणला. मी फावडं घ्यायला हात पुढं केला. त्यानं दिलं न्हाय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तोमा कामावर येतो. रॉड देतो, पत्रा धरतो, सांगितलेलं करतो. बोलत न्हाय. चौथा दिवस.

मेसमधे टीव्ही लावला होता. कुठल्यातरी देशाचा कोटवाला माणूस म्हणाला, फौजेनं धाडस केलं, अकराशे जीव वाचवले, असंच पाहिजे. दुसरा म्हणाला, परक्या देशात शिरून माणसं मारायचा यांना हक्क कुणी दिला. दोघंही छान बोलत होते. मग जाहिरात लागली. अकराशे चाळीसातनं पाच वजा केले की काय उरतं, ते यांना पटकन सांगता येतंय. मला तोमाच्या समोर बसून ते करता येत न्हाय.

आणि तरी ती फटीतनं आलेली बोटं आठवली की हात परत नळीकडं जातो. ती बाई जिवंत हाय. काल पाण्याच्या रांगेत दिसली. मला ओळखत न्हाय.

२ मार्च, रविवार

आज वीरेशला सगळं सांगितलं. वस्तीचं, कौलाचं, तंबूचं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तम्मा, त्या दिवशी अनुभवाचं बोललो ते चुकलं माझं." आणि थोड्या वेळानं, "तू कापलंस ते बरोबर का चूक, हे मला विचारू नको. मी अजून म्हणतो, बाहेरच्यानं मधे पडू नये. पण पुढ्यात माणूस पडलं होतं, मी ओढलं. दोन्ही मीच."

दुपारी आण्णांचा फोन. ते स्वतः कधी फोन करत न्हाईत. आईनं सांगितलं असणार.

"तुला भ्या वाटतंय का?"

"तोमाचं वाटतंय."

"आपल्याकडं पोलीस आलं, ते आपुन बोलावलं म्हणून आलं. मी गाव गेलं म्हणून रडतो, पर फोन मीच केलता. ते माझं मला हाय." मग विचारलं, "तुला त्यानं बोलावलंतं?"

"व्हय. आधी म्हणाला होता, मेजरला सांग म्हणून."

"ते गावात जायाचं. गेट काप म्हणाला?"

"न्हाय."

"इचारलंस त्याला?"

"टाइम कुठं होता, आण्णा!"

"टाइम नव्हता हे खरं हाय," आण्णा म्हणाले. "पर पोर त्याची गेली हे बी खरं हाय."

मी विचारलं, मग मी काय करायला पाहिजे होतं? आण्णा म्हणाले, मला न्हाय ठाऊक. पोतं उचलायला माणसं वाट बघत होती, म्हणून फोन ठेवला.

५ मार्च, बुधवार

चौकशी समिती आली. तिघं जण. मधे पांढऱ्या केसांच्या बाई, गळ्यात दोरीचा चष्मा. गोळीबार योग्य होता का, आणि हुकूम मोडून स्टॉपर कापले ते योग्य होतं का, दोन्ही ठरवणार. कंपनीनं आधीच सांगून ठेवलंय — कापणाऱ्याला घरी पाठवणार, परत कुठल्याच कॅम्पावर घेणार न्हाय. पाच मेलेल्यांचं काय व्हायचं ते समिती बघंल.

विजयसिंहांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ संघर्ष. सांग की गर्दीच्या रेट्यानं स्टॉपर तुटले. वेल्डिंग कच्चं होतं. कोण बघाया आलतं? मी बी तेच सांगतो."

"माझं वेल्डिंग कच्चं?"

"अरे, जीव वाचवतोय मी तुझा!"

"सायेब, खुनी म्हणा. वेल्डिंग कच्चं म्हणू नका."

ते कपाळाला हात लावून हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग म्हणाले, "मग खरं सांगशील?"

"दुसरं काय येतंय मला?"

७ मार्च, शुक्रवार

उद्या मी आणि तोमा. मेजरचं झालं. तो म्हणे तीन तास आत होता, बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला.

घरी पाठवलं तर पाठवू देत. कृष्णात मिस्त्री घेतील परत. त्याचं काही वाटत न्हाय. पण उद्या त्या बाई तोमाला विचारतील, आणि तो सांगंल. पंधरा दिवस तो माझ्याशी बोलला न्हाय, ते सगळं त्या टेबलावर ठेवंल. ह्यानं मला विचारलं न्हाय, असं म्हणंल. माझी पोर ह्याच्यामुळं गेली, असं म्हणंल. आणि मला मान हलवायला लागंल.

मेजर काय म्हणाला, टीव्हीवाले काय म्हणाले, समिती काय लिहील — सगळं एका बाजूला. बरोबर होतं का चूक, ते इथं एकाच माणसाला सांगता येतंय.

दुपारी त्याच्याकडं गेलो. म्हणालो, "तोमा, उद्या जे खरं वाटंल ते सांग. माझ्याकडं बघू नको." तो पत्र्यावर खडूनं रेघ मारत होता. मारत राहिला.

८ मार्च, शनिवार

तोमाला माझ्या आधी बोलावलं. मी दाराबाहेर बाकावर. सगळं ऐकू येत होतं. बाईंनी विचारलं, ज्या कामगारानं स्टॉपर कापले त्याच्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?

तोमा म्हणाला, "मी कापले."

मी उठून आत शिरलो. "न्हाय! मी कापले, मॅडम. सगळ्यांनी बघितलंय." मेजर टेबलाकडं बघत बसला होता. विजयसिंहांनी डोळे मिटले. बाईंनी चष्मा लावला आणि तोमाला परत विचारलं, सावकाश — कुणी?

त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाय.

"गाव माझं. पोर माझी. चावी मी फिरवली. गेट मी कापलं. याला यातनं काढा."

बाईंनी तसंच लिहून घेतलं, आणि मला बाहेर बसायला सांगितलं.